शंभरातले अठरा

मुलांनो, शेकडेवारी तुम्हाला आवडते का हो? अगदी खरं सांगा. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, त्यामुळे तुमचं उत्तर मला आधीच ठाऊक आहे! शेकडेवारीचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरची मंडळी हळूच खिडकीबाहेर बघायला लागायची.

आता मी निवृत्त होऊन माझ्या गावी, मोडनिंबला राहते. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. आळीतली मुलं संध्याकाळी वह्या घेऊन येतात. त्यांतल्या एका सातवीतल्या मुलीने एकदा विचारलं, "बाई, शेकडेवारीचा उपयोग काय हो? परीक्षेतले मार्क आणि दुकानातला सेल सोडून?"

मी म्हटलं, "अन्यायाशी भांडायला होतो."

ती बघतच राहिली. तुम्हालाही हे चमत्कारिक वाटलं असेल. म्हणून तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. जरा लांबण लागेल, पण ऐकाच.

आधी माझीच एक छोटीशी गोष्ट. चाळीस वर्षांपूर्वी मी कॉलेज शिकायला पुण्याला गेले. तेव्हा मोडनिंबहून कुर्डुवाडीपर्यंत बार्शी लाइटची छोटी गाडी होती. तिथे उतरायचं आणि मोठ्या गाडीत बसायचं. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला शेंगाचटणीचा डबा, एवढा माझा संसार. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, "व्हय, मगाच जेवले की!" झालं! त्या 'व्हय'वरून जो हशा उठला, तो पुढे कित्येक महिने थांबला नाही. मी तोंड उघडलं की कुणीतरी माझी नक्कल करायचं. "तुमच्याकडे पाणी नसतं ना गं? मग आंघोळ कधी करता, दिवाळीला?" असंही विचारायचं. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करेनाशी झाले.

एकदा धीर करून रेक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, चेष्टेत बोलली असेल एखादी. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

'एखादी'! हा शब्द तुम्ही लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

माझ्या खोलीत लातूरकडची एक मुलगी होती. एका रात्री बोलता बोलता कळलं की तिचंही अगदी तसंच चाललंय. तोवर आम्हा दोघींनाही वाटत होतं की हे आपल्या एकटीच्याच नशिबी आहे. मग आम्ही एक उद्योग केला. तिच्या वहीच्या मागच्या पानावर रोज मांडायला सुरुवात केली. तारीख, जागा, कोण, काय म्हणाली. प्रत्येक प्रसंगाला एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. तुम्ही ताळ्याच्या खुणा शिकलात ना, त्याच.

महिन्याने पान भरलं. ते घेऊन पुन्हा रेक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, सगळं पान वाचलं आणि या वेळी 'एखादी' म्हणाल्या नाहीत. त्या आठवड्याच्या बैठकीत कुणाचंही नाव न घेता त्यांनी ती यादी मोठ्याने वाचून दाखवली. तेच शब्द एकामागून एक ऐकताना खोलीत कुणीही हसलं नाही. चेष्टा पूर्ण थांबली असं नाही, पण खूप कमी झाली.

आणि त्या पानाने आणखी एक गोष्ट दाखवली. आम्हाला वाटायचं की सगळं वसतिगृहच आपल्यावर हसतंय. नावं मोजली तर काय! नक्कल करणाऱ्या त्याच त्या चौघीजणी. बाकीच्या नुसत्या गप्प बसणाऱ्या. गप्प बसणाऱ्यांशी बोलता येतं. आम्ही बोललो, आणि त्यांतल्या दोघी आमच्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या.

बघा, मोजण्याने एकाच वेळी दोन कामं केली. 'एखादी' म्हणणाऱ्यांना दाखवलं की गोष्ट तुम्हाला वाटते त्याहून मोठी आहे. आणि घाबरलेल्या आम्हाला दाखवलं की ती तुम्हाला वाटते त्याहून छोटी आहे.

माझं ते दुःख चिमूटभर होतं. ज्यांच्या वाट्याला डोंगराएवढा द्वेष येतो, त्यांनीही हेच हत्यार वापरलं आहे. फार जुनी गोष्ट नाही. २०२० साली करोनाची साथ आली. रोग चीनमध्ये पहिल्यांदा आढळला, म्हणून अमेरिकेत चिनी दिसणाऱ्या कुणालाही लोक शिव्या देऊ लागले. त्यात जपानी, कोरियन, व्हिएतनामी, फिलिपिनो अशा कितीतरी मूळच्या लोकांना त्रास झाला. त्यांतले कितीतरी तिथेच जन्मलेले, तिथेच वाढलेले. दुकानात, बसमध्ये, रस्त्यावर त्यांच्या अंगावर थुंकण्यापर्यंत मजल गेली.

आपण मात्र 'ते लोक तसलेच' म्हणून हात झटकू नयेत. त्याच मार्च महिन्यात आपल्या शहरांमध्ये मणिपूर, नागालँड, मिझोरमकडून शिकायला आलेल्या मुलामुलींना 'ए करोना' अशा हाका मारल्या गेल्या. आपल्याच देशातली आपलीच मुलं! शेवटी केंद्रीय गृहमंत्रालयाला सगळ्या राज्यांना सूचना पाठवावी लागली, की हे थांबवा.

तर, अमेरिकेत तिघांनी पुढाकार घेतला. सिंथिया चोय, रसेल जंग आणि मंजूषा कुलकर्णी. नाव ओळखीचं वाटलं ना? भारतीय कुटुंबातल्या या मंजूषाताई वकील आहेत. त्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात वाढल्या. रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला, तेच हे शहर. या तिघांनी १९ मार्च २०२० पासून एक साधी गोष्ट सुरू केली. ज्यांना त्रास झाला त्यांनी एक फॉर्म भरायचा: काय झालं, कुठे झालं, कधी झालं. आपापल्या भाषेत भरता यावा म्हणून तो अनेक भाषांत केला.

दोन वर्षांत, म्हणजे मार्च २०२२ अखेरपर्यंत, ११,४६७ नोंदी जमल्या. त्यांतल्या सगळ्यात जास्त नोंदी कसल्या होत्या, सांगा बरं? मारहाणीच्या नव्हे, शिवीगाळीच्या. पोलिसांच्या दप्तरात गुन्हा लिहिला जातो, बसमधली शिवी लिहिली जात नाही. म्हणजे कुणी मुद्दाम मोजल्याच नसत्या तर या नोंदी जगात कुठेच उरल्या नसत्या! पुरुषांपेक्षा बायकांना जास्त त्रास होतो, हेही त्यातून कळलं.

आणि तुमच्यासाठी खास गोष्ट म्हणजे या कामात शाळेतली मुलंही होती. २०२० च्या उन्हाळ्यात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी आपल्यासारख्याच जवळजवळ हजार मुलामुलींशी बोलून माहिती गोळा केली. दर चौघांतल्या एकाने सांगितलं की हा त्रास मी स्वतः सोसलाय. पुढच्या वर्षी, २० मे २०२१ रोजी, तिथे अशा गुन्ह्यांविरुद्ध एक नवा कायदा झाला. त्यामागे पुष्कळांचे कष्ट होते. पण 'अशी एखादी घटना घडतच असते' असं म्हणण्याची सोय मात्र या आकड्यांनी उरू दिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिकेतलं सांगताय, आपल्याकडे कुणी असं केलंय का?

केलंय तर! शंभर वर्षांपूर्वी केलंय. आणि ज्यांनी केलं त्यांचा फोटो तुमच्या शाळेतही असेल.

साधारण १९०१ सालची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा भीम घरच्या मुलांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. नवे कपडे, डोक्यावर टोपी, मनात प्रवासाचा आनंद. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर मुलं उतरली. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली. पण मुलांची जात कळताच ते झटकन मागे सरले. कुणी गाडीवान बैलगाडी देईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो खाली चालणार. बरोबर फराळ होता, पण पाणी कुणी दिलं नाही. मुलं रात्रभर तहानलेली राहिली. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

अशी गोष्ट ऐकली की आपल्या पोटात कालवतं. पण तेव्हाही 'एखादी'वाले होतेच. असेल एखादा स्टेशनमास्तर तसा! असेल एखादा गाडीवान! त्यासाठी सगळ्या समाजाला कशाला बोल लावता?

भीमराव मोठे झाले, मुंबईत बी. ए. झाले, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. अर्थशास्त्र म्हणजे आकड्यांचंच शास्त्र. १९१९ च्या जानेवारीत, मतदानाचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सत्तावीस. त्यांनी दिलेल्या लेखी निवेदनात युक्तिवादाच्या जोडीला तक्ते होते.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं १२ मार्च १९२७ चं भाषण. तेव्हा ते मुंबईच्या कायदेमंडळाचे नवे सदस्य होते. विषय होता शिक्षणावरचा खर्च. त्या दिवशी त्यांनी मसूरची तहान सांगितली नाही. त्यांनी आकडे सांगितले, आणि तेही सरकारच्याच अहवालांतले! कुणी खोटं म्हणणार कसं?

मी आता ते आकडे देते. पेन्सिल घ्या हातात.

पहिला आकडा. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. तुमच्या वर्गात ५० जण असतील, तर त्यांतले नऊ जण सोडून बाकी सगळे उठून घरी गेले असं समजा. कोण राहिलं असतं आणि कोण गेलं असतं, जरा वर्गात नजर फिरवून बघा.

दुसरा आकडा. सरकार शिक्षणावर माणशी खर्च करतं १४ आणे. तेव्हा १६ आण्यांचा रुपया होता, म्हणजे पुरता रुपयासुद्धा नाही. आणि दारू-ताडीवरच्या अबकारी करातून सरकार माणशी वसूल करतं दोन रुपयांहून जास्त. बाबासाहेब म्हणाले, या करातून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. किती साधा हिशेब! चौथीतल्या मुलालाही समजेल.

तिसरा आकडा. त्या वेळच्या शिक्षणखात्याने लोकांचे चार गट केले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागास वर्ग. मागास वर्गात अस्पृश्य मानलेले, डोंगराळ भागातले आदिवासी आणि तथाकथित गुन्हेगार जमाती होत्या. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत जाणारे किती? पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागास वर्ग १८. माध्यमिक शाळेत, दर लाखामागे? अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. तीन हजारांना चौदाने भागा पाहू. दोनशे चौदा पट! आणि कॉलेजात? मागास वर्गापुढे जवळजवळ शून्य. लोकसंख्येत हाच गट दुसऱ्या क्रमांकाचा आणि शिक्षणात मात्र शेवटचा.

चौथा आकडा मुलींनी नीट वाचावा. शिक्षण याच गतीने वाढत राहिलं, तर सगळी मुलं शाळेत यायला ४० वर्षं लागतील आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षं. १९२७ मध्ये ३०० मिळवा. २२२७! म्हणजे मी, तुमची आई, तुमच्या ताई आणि तुम्ही, आपण कुणीच त्या हिशेबात बसत नव्हतो. हे उत्तर बदललं, कारण त्या गतीवर समाधान न मानणारी माणसं निघाली.

या आकड्यांत 'एखादा' कुठे लपणार, सांगा? एका स्टेशनमास्तराला वाईट म्हणून सोडून देता येतं. दर लाखात चौदा या आकड्यापुढे मात्र सगळ्या समाजालाच उत्तर द्यावं लागतं.

पण ऐका हं, आकडे मांडून बाबासाहेब घरी जाऊन बसले नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. कागदावर पाणी मिळालं होतं, ओंजळीत नव्हतं. त्या भाषणानंतर बरोबर आठ दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह बाबासाहेब पायऱ्या उतरले आणि पाणी प्याले. कॅलेंडरात या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. बारा तारखेला आकडे, वीस तारखेला ओंजळ.

आता एक सावधगिरीची गोष्ट. मोजणं नेहमी चांगल्यासाठीच होतं असं समजू नका. आमच्या सोलापूर शहरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तिथेही मोजणी होती! नावांची रजिस्टरं होती, रोजची हजेरी होती. तान्हं बाळसुद्धा 'गुन्हेगार जमाती'च्या हिशेबात धरलं जाई. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, पण पारधी किंवा कैकाडी म्हटलं की संशयाने बघणं अजून कितीतरी गावांतून गेलेलं नाही. कुणाच्या वर्गात पेन हरवलं की आधी कुणाचं दप्तर तपासलं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

म्हणून आकडा दिसला की विचारायचं: हे कुणी मोजलं? कशासाठी मोजलं? आणि ज्यांना मोजलं, त्यांना कुणी बोलू दिलं का?

तुम्हालाही मोजायचं असेल, तर एक छोटी वही करा आणि माझे चार नियम पाळा.

पहिला, जे स्वतः पाहिलं-ऐकलं तेच लिहा, तारखेसकट. सांगोवांगी नको. दुसरा, ज्याला त्रास झाला त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव वहीत लिहू नका आणि कुणाला सांगू नका. आपण त्याचे सोबती, चहाड्या करणारे नव्हे. तिसरा, चांगलंही मोजा. कुणी मध्ये पडून "असं बोलू नको" म्हणालं, तर त्याचीही एक रेघ ओढा. त्या रेघा दुसऱ्यांना धीर देतात. चौथा आणि सगळ्यात अवघड, जे वर्गात नाहीत त्यांना मोजा. पहिलीत तुमच्याबरोबर कोण कोण होतं, आठवा. आज त्यांतलं कोण नाही? ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेला तो, धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलेली ती, चिडवून चिडवून शाळा सोडायला लावलेलं ते पोर. हजेरीपटावर गैरहजेरीचा शून्य पडतो आणि काही दिवसांनी नावच निघून जातं. नाव गेलं की हिशेब बरोबर दिसायला लागतो! म्हणून ती नावं कुणीतरी लक्षात ठेवायला हवीत.

वही भरली की एकटे भांडायला जाऊ नका. आईला, बाबांना किंवा तुमचा विश्वास असलेल्या बाईंना, सरांना दाखवा. आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलाने अशी वही पुढे ठेवली, तर 'एखाद्या वेळी होतंच असं' म्हणून ती मिटू नका. शेवटच्या पानापर्यंत वाचा. पान भरायला त्याला किती दिवस गप्प राहून सोसावं लागलं असेल, तोही हिशेब मनात करा.

बाबासाहेबांच्या आकड्यातली ती ८२ मुलं कुणाच्याही वर्गात नव्हती. म्हणूनच कुणाला दिसली नाहीत. ती दिसली, कारण एकाने अठराला शंभरातून वजा केलं. एवढी वजाबाकी तर तुम्हाला येतेच की!